आरशातली नजर

सिनेमातला गद्दार कोण, हे शूटिंग संपल्यावर ठरलं, आणि ते ठरवलं कात्रीने.

कात्री म्हणजे संकलक बाई. तिचं खरं नाव तेवढं पगाराच्या कागदावर होतं. स्टुडिओत सगळे तिला कात्रीच म्हणायचे आणि तीही त्या हाकेला बिनतक्रार ओ द्यायची. दिग्दर्शकाने जीव टाकून शूट करून आणलेल्यातलं निम्म्याहून जास्त कापून फेकायचं आणि उरेल त्याला सिनेमा म्हणायचं, हे तिचं काम. अशा माणसावर कोणाचं प्रेम असणार? पण सिनेमा अडला की सगळे तिच्याच दारात येऊन बसायचे.

'कापलेलं लोखंड' असाच अडला होता. गोष्ट सरळ होती. तिघं जण सोनं गाळायच्या कारखान्यावर दरोडा घालतात. वेल्डर तिजोरी कापतो, चौकीदार आतून दार उघडून देतो, ड्रायव्हर बाहेर गाडी चालू ठेवून बसतो. पोलिसांना आधीच कोणीतरी खबर दिलेली असते. वेल्डर तिजोरीपाशीच सापडतो, बाकीचे दोघे निसटतात. वेल्डर ऐन उमेदीची वर्षं तुरुंगात घालवून बाहेर येतो, खबर देणाऱ्या चौकीदाराला हुडकून काढतो आणि त्याचा जीव घेतो. मारामारी झकास होती, धूळ, घाम, रक्त सगळं रग्गड होतं. पण ओळखीच्या लोकांना बोलावून दाखवला, तर मध्यंतराच्या आधीच सगळे म्हणाले, "चौकीदारच ना?" दिग्दर्शकाचं तोंड बघण्यासारखं झालं. निर्मात्याने तर हातच वर केले, "पुन्हा शूटिंगचं नाव काढायचं नाही. काय करायचं ते आहे त्यातच करा."

आहे त्यातच करायचं म्हणजे कात्रीने करायचं. ती खोलीचं दार लावून बसली आणि टाकून दिलेले तुकडे उपसायला लागली. त्यात तिला तो शॉट सापडला. गाडीत ड्रायव्हरचं काम करणारा नट बसलेला. कॅमेरा सुरू झाला होता पण 'ॲक्शन' म्हणायचं बाकी होतं, आणि चहावाला कुठे अडकला म्हणून त्या बाबाने समोरच्या आरशातून मागे बघितलं. हळूच बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली, कारण फार चहा पितोस म्हणून दिग्दर्शकाने त्याला नुकतंच झापलं होतं. बस, एवढंच. कात्रीने ती नजर उचलली आणि पोलिसांच्या भोंग्याच्या जरा आधी चिकटवली. अंगावर काटा आला तिच्या. चहाची वाट बघणारा माणूस गद्दार झाला होता.

बाकीचं सोपं होतं. ड्रायव्हर पाठमोरा फोनवर बोलतोय असा एक निरुपयोगी शॉट होता, त्यावर डबिंगमध्ये वाक्य घातलं, "मागच्या दाराने जाणार आहेत." सूड घेताना वेल्डर गद्दाराच्या डोक्यावर पोतं घालतो, त्यामुळे चेहरा दिसतच नव्हता. शेवटी पोतं काढतात तो तुकडा तिने कापला आणि वेल्डरच्या तोंडी 'चौकीदारा'च्या जागी 'ड्रायव्हर' बसवला. दिग्दर्शकाने बघितलं आणि तिला मिठीच मारली.

लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला. पोतं घातलेल्या ड्रायव्हरला वेल्डर मारायला लागला की थिएटरात शिट्ट्या पडायच्या, कोणी तरी ओरडायचं, "अजून एक दे त्याला!" समीक्षकांनी लिहिलं की आरशातल्या त्या एका नजरेत विश्वासघाताचा सगळा इतिहास सामावला आहे. नट मुलाखतींतून सांगत सुटला की त्या नजरेसाठी तो आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता. कात्री हे वाचून पोट धरून हसली होती.

हसू फार टिकलं नाही. त्याचं कारण म्हणजे ती गोष्ट खरी होती, आणि खऱ्या गोष्टीतला ड्रायव्हर तिच्या घरी, खिडकीपाशी स्टुलावर बसून शेजाऱ्यांचे बिघडलेले पंखे दुरुस्त करत होता. तो तिचा मामा.

आई-बाप लवकर गेले. मामाने तिला वाढवली. लग्न केलं नाही, शाळेची बस चालवली, तिचे केस विंचरले, तापात उशाशी बसला. एकदा त्यालाच ताप चढला होता, तेव्हा तो हे सगळं बोलून गेला. तिजोरी कापताना ठिणग्या दिसू नयेत म्हणून भोवती ओली पोती धरली होती. गाडीचं मागचं दार तारेने बांधलेलं होतं. चौकीदार पुढे कालव्यात पडून मेला. आणि वेल्डरबद्दल म्हणाला होता, "तो बोलत नाही, करतो." पुढे कात्रीने हे दिग्दर्शकाला सांगितलं आणि मामाची परवानगीही घेतली. खबर कोणी दिली ते मामा बोलला नव्हता, पण चौकीदारानेच असणार, असं दोघांनी धरून चाललं. "नावं घालू नकोस म्हणजे झालं," एवढंच तो म्हणाला. सिनेमा बघायला मात्र आला नाही. आणि गद्दार बदलला, हे कात्रीने त्याला सांगितलं नाही. गोष्ट आपली, तिचा शेवट आपला, त्यात म्हाताऱ्याला काय विचारायचं, असं तिला वाटलं होतं. माणूस कामात यशस्वी झाला की थोडा निर्लज्जही होतो.

मग एके दुपारी थिएटरच्या मॅनेजरचा फोन आला. हा मॅनेजर गप्पिष्ट. म्हणाला, "कात्रीबाई, तुमच्या सिनेमाला एक भक्त मिळालाय. रोज दुपारच्या खेळाला येतो. एकटा. मारामारी चालू असली तर मान खाली घालून बसतो. ड्रायव्हर दिसला की वर बघतो. आरशातली नजर झाली की उठून चालू लागतो. सूडबीड बघतच नाही. अहो, तिकिटाचे पैसे पूर्ण देतो आणि सिनेमा अर्धाच बघतो!"

"कसा आहे दिसायला?"

"म्हातारा आहे. शांत. तिकीट घेताना डावा हात खिशातच ठेवतो."

डावा हात ऐकून कात्रीने खेळाची वेळ विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी ती दुपारच्या खेळाला गेली आणि मागच्या रांगेत कडेला बसली. माणूस पुढे होता, एकटाच, खुर्चीच्या पाठीला न टेकता. पडद्यावर गाडी आली तशी त्याची मान वर झाली. आरसा आला. नट चहावाल्याला शोधत मागे बघत होता आणि तो माणूस त्या नजरेकडे असा बघत होता जसं कोणी डॉक्टरच्या तोंडाकडे बघतं. मग तो उठला. दाराशी येताना अंधारात त्याने पुढच्या खुर्चीला धरलं, आणि दारातून आलेल्या उजेडात तिला तो हात दिसला. दोन बोटं जळून एकमेकांना चिकटलेली होती.

ही बोटं सिनेमात नव्हती. मामाने सांगितली होती, पण रोज मेकअप करायला वेळ जातो म्हणून दिग्दर्शकाने ती गाळली होती. म्हणजे सिनेमा बघून डोकं फिरलेला हा कोणी हौशी प्रेक्षक नव्हता. हा तोच होता. कात्री खुर्चीतून उठलीच नाही, शेवटपर्यंत बसून राहिली. पडद्यावर पोत्यातल्या माणसाला मार बसायला लागला, सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं, आणि प्रत्येक टाळीला तिला वाटलं की हे लोक माझ्या मामाला मारा म्हणताहेत.

ती रिक्षा करून घरी आली. दाराची कडी लावली, वरची लावली, स्वयंपाकघराची खिडकी बंद केली. मामा स्टुलावर होता, हातात पंख्याचं पातं.

"काय गं, चोर मागे लागल्यासारखी?"

"मामा, आपण काही दिवस दुसरीकडे राहायला जाऊ."

"मी कुठेही येणार नाही. झालंय काय ते सांग."

तिने सांगितलं. सिनेमा अडला होता ते, लोकांनी चौकीदाराला ओळखलं ते, आणि शेवटी, त्याच्याकडे न बघता, "म्हणून आम्ही ड्रायव्हरने खबर दिली असं दाखवलं. आणि वेल्डर रोज येऊन ते बघतोय."

मामाने पातं खाली ठेवलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?"

"थिएटरच्या मॅनेजरने. मग मी स्वतः बघून..."

"ते नाही. ड्रायव्हरने खबर दिली, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच केलं ते. एक शॉट सापडला म्हणून..." आणि तिचं वाक्य तिथेच थांबलं. मामा तिच्याकडे बघत नव्हता. त्याने खाली ठेवलेलं पातं पुन्हा उचललं आणि पुसलेलंच पातं पुसायला लागला.

कात्रीला कळलं. कळलं आणि ती त्याच्या स्टुलासमोर जमिनीवर बसली.

"मामा, तू?"

"पोलिसांनी मला आधीच उचललं होतं," मामा म्हणाला. "गाडी कोणाची, कशाला फिरवतोस, असं विचारत एका खोलीत बसवलं. मारलं नाही. नुसतं बसवलं आणि दार लावून गेले. मी घाबरलो. दुसरं काही कारण नाही बघ. लोकांची मोठमोठी कारणं असतात, माझं तेवढंच."

"आणि चौकीदार?"

"त्या बिचाऱ्याने काय केलं होतं! वेल्डर सुटून आला, त्याने मला विचारलं, कोण असेल रे? मी गप्प बसलो. मी नाव घेतलं नाही गं कोणाचं. नुसता गप्प बसलो. मग चौकीदार कालव्यात सापडला."

ज्या माणसाच्या कुशीत ती लहानाची मोठी झाली, त्याची तिला त्या क्षणी किळस आली. आणि त्याच क्षणी त्याच्या जिवाची भीतीही वाटली. दोन्ही एकदम कसं होतं, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ती उठली, त्याला पाणी दिलं, आणि खिडकीचा पडदा ओढला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं, पण दिग्दर्शकाच्या तोंडाला कुलूप कुठे असतं? त्याच संध्याकाळी तो एका वाहिनीवर ऐटीत पाय दुमडून बसला होता. "कल्पना? छे हो! ही शंभर टक्के खरी गोष्ट आहे. आमच्या संकलक बाईंच्या घरातली, त्यांच्या मामांनी सांगितलेली. असा अस्सल माल कल्पनेत मिळत नाही." कात्रीने टीव्ही बंद केला. मामाने आतून विचारलं, "कोण बोलत होतं?" ती म्हणाली, "कोणी नाही, जाहिरात."

सकाळी ती स्टुडिओत गेली, कारण वेल्डर आलाच तर घरी न येता तिथे यावा असं तिला वाटत होतं. मामाला शेजाऱ्यांकडे बसवून आली होती. आणि तो तिथेच आला. खालून रखवालदाराने फोन केला, "एक आजोबा आलेत. सिनेमा आवडला म्हणतात." तिने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून 'पाठवा' आलं. पाठवलं नाही तर घर शोधत जाईल.

तो दारात उभा राहिला. चपला बाहेर काढल्या. इस्त्रीचा शर्ट, डावा हात खिशात. संकलनाची खोली ती केवढी, दोन पडदे, दोन खुर्च्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जाड कापूस लावलेला. आत कोणी कितीही ओरडलं तरी बाहेर कळत नाही, म्हणून त्या खोलीचं तिला कौतुक वाटायचं. आज तेच कौतुक तिला नकोसं झालं.

"बस, पोरी," तो म्हणाला, जणू खोली त्याची होती. "तू गाडीवाल्याची भाची. पाळण्यात बघितलंय तुला."

"हो काका."

"तुझ्या सिनेमातली ओली पोती आम्हा तिघांनाच ठाऊक. चौकीदार गेला. मी कोणाला बोललो नाही. म्हणजे गाडीवालाच बोलला. आणि त्यात तो स्वतःलाच खबऱ्या म्हणतो." तो पुढे झुकला. "मला वाटलं, माझ्या तोंडावर सांगायची छाती झाली नाही म्हणून त्याने सिनेमातून कबुली दिली. रोज बघतो ती नजर. त्या रात्री तो असाच बघत होता का, आठवून बघतो. आठवत नाही. म्हणून तुझ्याकडे आलो. खरं काय ते सांग."

कात्रीची बोबडी वळायची बाकी होती. पण तिचे हात शहाणे होते, ते आपोआप कळफलकावर गेले. "काका, सांगत नाही, दाखवते. बघा."

तिने मूळ शॉट लावला, न कापलेला, आवाजासकट. पडद्यावर नट गाडीत बसलेला. मागून दिग्दर्शकाचा आवाज, "किती चहा ढोसतोस रे?" नट ओशाळा झाला, जरा वेळाने हळूच आरशात मागे बघितलं, नजर काढून घेतली आणि पुटपुटला, "हा चहावाला मेला की काय?" मग कोणी तरी हसलं आणि 'ॲक्शन' ऐकू आलं.

वेल्डर हललाही नाही. "परत लाव."

तिने परत लावला. मग फोनचा शॉट लावला, ज्यात नट तोंडाने नुसतेच आकडे म्हणत होता. मग तिने जुना शेवट लावला, जो थिएटरात कधी लागलाच नव्हता. वेल्डर पोतं ओढून काढतो आणि खाली चौकीदाराचा चेहरा. "हा खरा शेवट होता, काका. लोकांनी आधीच ओळखलं म्हणून मी बदलला. सगळं मी केलंय, या खोलीत बसून. मामाला तर माहीतही नव्हतं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. एवढं खरं ती आयुष्यात बोलली नव्हती, आणि एवढं खोटंही.

"गाडीवाल्याने तुला काय सांगितलं होतं? कोणी दिली खबर?"

आता काही दाखवण्यासारखं नव्हतं, बोलायचंच होतं. तिने त्याच्याकडे बघितलं. "चौकीदाराने."

"तो असं म्हणाला?"

"हो."

म्हाताऱ्याने डावा हात खिशातून बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय हे कळायला तिला वेळ लागला. जीव घ्यायला आलेला माणूस म्हणून ती ज्याला भीत होती, तो आठवडे न् आठवडे तिच्यापेक्षा जास्त भ्यालेला होता.

"झोप नव्हती गं," तो म्हणाला. "सिनेमा बघितल्यापासून डोळ्याला डोळा नाही. वाटायचं, मी भलत्यालाच... तो कालव्याच्या काठावर हात जोडून सांगत होता, मी नाही, मी नाही. मी ऐकलं नाही. त्याची बायको अजून तिथेच राहते. परवा तिच्या दारापर्यंत जाऊन आलो. म्हटलं, पायावर डोकं ठेवावं, काय ती शिक्षा घ्यावी. दार वाजवलं नाही, म्हटलं आधी खात्री करू." त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "बरं झालं वाजवलं नाही. आता जातो आणि तिला तोंडावर सांगतो, तुझा नवरा बेइमान होता म्हणून. इतकी वर्षं ती दिसेल त्याला विचारते म्हणे, त्याने काय केलं होतं, त्याने काय केलं होतं."

कात्रीच्या ओठांवर आलं होतं. एक शब्द. तो बोलली असती तर एका बाईला तिचा नवरा परत मिळाला असता, आणि मामा गेला असता. ती बोलली नाही. मामासारखीच गप्प बसली.

"तो शेवट परत लाव," तो म्हणाला.

तिने लावला. पोतं निघालं, चौकीदाराचा चेहरा दिसला, तो हात जोडून विनवू लागला. म्हातारा खुर्चीला पाठ टेकून बसला होता. त्याचा चेहरा निवांत होत गेला, आणि ते बघणं कात्रीला त्याच्या रागापेक्षाही भयंकर वाटलं.

तो उठला. दाराशी चपला घालताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो चिकटलेल्या बोटांचा. "उगाच संशय घेतला गाडीवाल्यावर. इतकी वर्षं भेट नाही. रविवारी येतो म्हणून सांग त्याला. बसू, जुन्या गोष्टी काढू."

नाही म्हणायला काही कारण उरलं नव्हतं. निर्दोष माणसाच्या घरी जुना मित्र का येऊ नये?

"या ना काका," कात्री म्हणाली. आणि तिला तिचाच आवाज पुढे ऐकू आला, "जेवायलाच या."